सहावं व्रत, समुद्र आणि दोन कालवे



गेल्या महिन्यात लेकीने मोबाइलवर एक पत्रक पाठवलं. पंधरा दिवसांची समुद्रसफर. अमेरिकेच्या फ्लोरिडातून जहाजात बसायचं, कॅरिबियन बेटांची बंदरं बघायची, कोलंबियातल्या कार्टाहेनाला थांबायचं, पनामाच्या कालव्यातून पलीकडच्या महासागरात जायचं आणि मेक्सिकोच्या किनाऱ्याने वर कॅलिफोर्नियाला उतरायचं. खाली तिने लिहिलं होतं, "मम्मी, आधी सांगितलं तर जहाजावर जैन जेवण मिळतं. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही. तुला आणि पप्पांना घेऊन जायचंय. पंधरा दिवस सुट्टी काढलीये मी. या वेळी नाही म्हणू नकोस."

मी आष्टी तालुक्यात राहते. आमच्या जिल्ह्यात कालवा म्हटला की माजलगावचा, उसाला पाणी देणारा. कालव्यातून दहा-बारा मजली जहाज जातं, हे आमच्या शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "काहीतरीच!" आष्टीला रेल्वे आली २०२२ मध्ये, बीडला यायला २०२५ उजाडलं. समुद्र तर फारच लांब.

पत्रकाला मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण माझं सहावं व्रत. ते मी कोणत्या मनाने घेतलं होतं, ते शेवटी सांगते. आधी या निमित्ताने जे वाचन झालं, ते तुमच्यापुढे ठेवते. आपल्या माणसांचा आणि समुद्राचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा वेगळा आहे.

दिशापरिमाण म्हणजे काय

श्रावकाच्या बारा व्रतांत पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं आणि चार शिक्षाव्रतं. त्या तीन गुणव्रतांतलं पहिलं, म्हणजे एकूण सहावं, हे दिशापरिमाण व्रत. चारही दिशांना, वर आणि खाली, आपली रेघ आपणच ओढायची आणि तिच्या पलीकडे जाणार नाही असं पच्चक्खाण घ्यायचं.

प्रतिक्रमणात आपण याचे पाच अतिचार म्हणतो. वरची मर्यादा ओलांडली, खालची ओलांडली, आडवी ओलांडली, एका दिशेची घटवून दुसऱ्या दिशेची वाढवली, आणि किती ठेवली होती तेच विसरलं. चौथा अतिचार म्हणताना मला नेहमी हसू येतं. शास्त्रकारांना घरातली माणसं पक्की ठाऊक होती. "पूर्वेला मी जातच नाही, ते कोस पश्चिमेला जोडून घेते" असा हिशेब करणारी एखादी तेव्हाही असणारच!

माझ्या सासूबाईंची मर्यादा अशी होती: उत्तरेला जोधपूर, दक्षिणेला सिकंदराबाद, पूर्वेला नागपूर, पश्चिमेला मुंबई. माहेर, सासर, नणंदा, लेकी सगळं त्यात बसत होतं. एका लग्नाला आम्ही मुंबईला गेलो, तेव्हा चौपाटीवर पाण्यापासून दहा पावलं अलीकडे उभ्या राहून त्या म्हणाल्या, "इथं माझी हद्द संपली." चेहऱ्यावर जराही खंत नव्हती.

ही मर्यादा कशासाठी? माणूस जिथे जातो तिथे त्याच्या खाण्यापिण्याचा, व्यापाराचा, हव्यासाचा आरंभ-समारंभ जातो. मी जिथे जाणारच नाही, तिथल्या जिवांना माझ्याकडून निदान तेवढं अभय मिळालं. म्हणूनच आचार्यांनी म्हटलं आहे की आपल्या रेघेच्या पलीकडच्या प्रदेशापुरती श्रावकाची अणुव्रतंही महाव्रतांसारखी होतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समुद्र वर्ज्य होता का?

लहानपणी आपण ऐकलेलं असतं की समुद्र ओलांडला की धर्म बुडतो. पण आपल्या आगमांत तर व्यापारी जहाजं भरून निघतात. ज्ञाताधर्मकथांगात मल्ली भगवतींच्या अध्ययनात चंपानगरीचा अर्हन्नक श्रावक आहे. भर समुद्रात पिशाच प्रकट होतं आणि म्हणतं, व्रत सोड, नाही तर जहाज उचलून बुडवतो. बाकीचे प्रवासी थरथरतात. अर्हन्नक सागारी पच्चक्खाण घेऊन शांत बसून राहतो. शेवटी तो देव खऱ्या रूपात येतो, क्षमा मागतो आणि कुंडलांच्या दोन जोड्या देऊन जातो.

त्याच ग्रंथात माकंदी सार्थवाहाची दोन मुलं आहेत, जिनपालित आणि जिनरक्षित. अकरा वेळा समुद्र करून सुखरूप आलेली. बाराव्यांदा आईवडील नको म्हणत असताना निघतात आणि जहाज फुटतं. तिथेही दोष समुद्राला दिलेला नाही, "अजून एकदा" म्हणणाऱ्या लोभाला दिला आहे. आणि आयंबिलच्या ओळीत आपण ऐकतो त्या श्रीपाल-मैनासुंदरीच्या कथेतून धवल शेठची जहाजं काढली तर कथाच उरत नाही.

म्हणजे श्रावकाला समुद्रबंदी आगमांनी घातली नव्हती. ती जातीच्या पंचांनी घातलेली होती. आसपासच्या समाजात जो रिवाज होता तो आपल्या लोकांनीही उचलला आणि पुढे त्यालाच धर्म समजू लागले. व्रत आपण स्वतः घेतो आणि बंदी दुसरा घालतो, हा फरक त्यात पुसला गेला.

१८८३: दोन मराठी बायका

हा रिवाज ऐन भरात असताना एकाच वर्षी दोन मराठी बायका जहाजात चढल्या. दोघी जैन नव्हत्या, पण त्यांच्यापुढचे प्रश्न आपल्याच स्वयंपाकघरातले होते.

पहिली आनंदीबाई जोशी. जन्म ३१ मार्च १८६५, कल्याणचा. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि ते दहाच दिवस जगलं. त्या दुःखातून तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभं राहून तिने आपण अमेरिकेला का जातो ते इंग्रजीत सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा तिचा निश्चय होता. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' जहाज निघालं, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. नवरा बरोबर नव्हता, सोबतीला ओळखीच्या मिशनरी बायका. सुएझचा कालवा, युरोप, मग अटलांटिक महासागर असं करत ४ जूनला ती न्यूयॉर्कला पोहोचली. जवळजवळ दोन महिने. लुगडं सोडायचं नाही आणि मांसाहार करायचा नाही, एवढं तिने ठरवलेलं होतं, आणि अमेरिकेच्या थंडीतही ते पाळलं. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, तेव्हा बाविसावं वर्षही पुरं नव्हतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्याच वर्षी मुंबईहून दोन वर्षांच्या मनोरमेला कडेवर घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. जन्मभर शाकाहारी राहिल्या. वाटेतल्या प्रवासाचं वर्णन त्यांनी मराठीत लिहिलं आणि ते 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून त्याच साली छापलं गेलं. तान्ह्या-रांगत्या लेकराला घेऊन बोटीत बसलेली बाई आपल्या भाषेत एवढं लिहून ठेवते, याचं मला फार कौतुक वाटलं.

१८९३: साधू थांबले, श्रावक गेला

दहा वर्षांनी आपल्या समाजावर तीच वेळ आली. १८९३ मध्ये शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरणार होतं आणि त्याला जोडून सर्वधर्म परिषद. जैन धर्माच्या वतीने बोलावणं आलं ते पंजाबातले आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज यांना. त्यांचा संप्रदाय आणि आमचा वेगळा, पण विद्वत्तेबद्दल दुमत नाही.

आत्मारामजी जाऊ शकत नव्हते. जैन साधू पायीच विहार करणार. वाहन नाही, आगगाडी नाही, जहाज तर नाहीच. त्यांना कोणी जातीबाहेर टाकेल म्हणून ते थांबले नाहीत, स्वतः स्वीकारलेल्या महाव्रतासाठी थांबले. पण "मी येऊ शकत नाही" एवढं कळवून ते गप्प बसले नाहीत. परिषदेसाठी त्यांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात धर्माची मांडणी लिहिली. ती पुढे 'शिकागो प्रश्नोत्तर' म्हणून प्रसिद्ध झाली. आणि आपल्या जागी एका श्रावकाला निवडून स्वतः तयार केलं.

तो श्रावक म्हणजे वीरचंद राघवजी गांधी. जन्म २५ ऑगस्ट १८६४, सौराष्ट्रातलं महुवा. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. एकविसाव्या वर्षी ते जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद सचिव झाले. शत्रुंजयाला जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूवर पालिताण्याचा ठाकूर कर घेत असे. वीरचंदभाईंनी अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवून १८८६ मध्ये तडजोड करवली: वर्षाला एकरकमी १५,००० रुपये, चाळीस वर्षांसाठी, आणि यात्रेकरूंना त्रास नाही. पुढे सम्मेदशिखरजीच्या पहाडावर एका इंग्रजाने डुकरांच्या चरबीचा कारखाना काढला, तेव्हा जुने कागद वाचता यावेत म्हणून हे कलकत्त्याला राहून बंगाली शिकले. अशा माणसाला आत्मारामजींनी निवडलं. परिषदेत बोलले तेव्हा वय एकोणतीस.

त्याच परिषदेसाठी स्वामी विवेकानंद ३१ मे १८९३ ला मुंबईहूनच निघाले होते, पण पूर्वेच्या वाटेने: कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान आणि पॅसिफिक महासागर. मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मसमाजाच्या वतीने गेले. वीरचंदभाई ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या वाटेने निघाले. म्हणजे चातुर्मास सुरू होता. साधू-साध्वी एका गावी स्थिर आणि त्यांचा निरोप घेऊन श्रावक समुद्रावर.

एडन, तांबडा समुद्र आणि सुएझ

त्या वाटेचं पहिलं मोठं बंदर एडन. मुंबईपासून साधारण तीन हजार किलोमीटर. अरबस्तानच्या टोकावरचं हे गाव इंग्रजांनी १८३९ मध्ये घेतलं आणि त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले! बाजारात गुजराती-कच्छी व्यापारी, त्यात जैन पेढ्याही होत्या. पाऊस जवळजवळ नाही. पिण्याच्या पाण्यासाठी डोंगराच्या घळीत बांधलेले जुने दगडी हौद. जहाजं इथे कोळसा भरत. आपल्या बालाघाटाच्या डोंगरातली माणसं एडन बघून म्हणाली असती की हे तर आपल्यापेक्षाही कोरडं!

पुढे तांबडा समुद्र. ऑगस्टमध्ये तिथली हवा भट्टीसारखी. आणि एक गोष्ट, जी फक्त आपल्याच लक्षात येईल. पश्चिमेकडे जाणारं जहाज रोज थोडं थोडं सूर्याच्या मागे जातं. त्या काळच्या आगबोटीच्या वेगाने सूर्यास्त रोज साधारण वीस मिनिटांनी पुढे सरके. भिंतीवर लावलेलं नवकारसी-चोविहाराचं वेळापत्रक तिथे कामाचं नाही. ज्याला रात्रिभोजनाचा त्याग पाळायचा, त्याने डेकवर जाऊन सूर्य डोळ्यांनी बघायचा. पूर्वी आपल्या आज्या तसंच बघत होत्या, घड्याळ नव्हतं तेव्हा.

मग सुएझचा कालवा. फ्रान्सच्या फर्डिनांड द लेसेप्सने १८५९ मध्ये तो खोदायला घेतला आणि १७ नोव्हेंबर १८६९ ला तो सुरू झाला. तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र यांच्या मधली वाळवंटाची पट्टी कापून केलेला १६४ किलोमीटरचा सरळ मार्ग. तेव्हा खोली अवघी आठ मीटर. दोन्ही समुद्रांची पातळी जवळजवळ सारखी, त्यामुळे मध्ये दारं किंवा पायऱ्या नाहीत. समुद्राचं खारं पाणीच आत येतं. जहाजाने अगदी हळू चालायचं, नाही तर लाटांनी काठची वाळू ढासळते. समोरून दुसरं जहाज आलं तर एकाने ठरलेल्या जागी काठाला दोर बांधून थांबायचं. आमच्या घाटात एसटीला वाट द्यायला ट्रक थांबतो, तसं. १८८७ पासून विजेचे दिवे लावून रात्रीही जहाजं जाऊ लागली. वाटेत खारी सरोवरं, इस्माइलिया गाव आणि शेवटी पोर्ट सैद. दोन्ही बाजूंना उंट, वाळू आणि मध्ये जहाज. डेकवरून बघणाऱ्याला जहाज जमिनीवरूनच चाललंय असं वाटावं!

या एका कालव्याने मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे २०,००० किलोमीटरवरून सुमारे ११,६०० किलोमीटरवर आलं. आधी सगळ्या आफ्रिकेला वळसा होता.

११ सप्टेंबर १८९३ ला परिषद उघडली. पंचांग मागे मोजून बघितलं तर तो दिवस श्वेतांबर पर्युषणाच्या आठ दिवसांतच पडतो. संवत्सरी तीन-चार दिवसांवर होती. म्हणजे मुंबईत घरोघरी तपस्या चालू असताना काठियावाडी पगडी घातलेला हा तरुण शिकागोच्या व्यासपीठावर उभा होता. आपण बौद्ध धर्मापेक्षाही जुन्या अशा जैन धर्माच्या वतीने, भारतातल्या पंधरा लाख शांत माणसांच्या वतीने आणि गुरू आत्मारामजींचा निरोप घेऊन आलो आहोत, असं त्यांनी थोडक्यात सांगितलं. पुढे परिषदेतच एका पाद्र्याने हिंदू देवळांवर आणि तिथल्या स्त्रियांवर शिंतोडे उडवले. आरोप जैनांवर नव्हता. तरी वीरचंदभाई उठले आणि त्याला सडेतोड उत्तर दिलं. शेजाऱ्याच्या लेकीबाळींची अब्रू ती आपलीच, असं मानणारा तो माणूस.

ते अमेरिका आणि इंग्लंडमध्ये पुन्हा पुन्हा गेले, शेकडो व्याख्यानं दिली. भारतातल्या मुलींच्या शिक्षणासाठी तिथल्या मित्रमंडळींची संस्था उभी केली. १८९६-९७ चा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिकडे मदत गोळा करून धान्याचं जहाज भारतात पाठवलं. आणि इकडे? समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्याच काही कर्मठ लोकांनी त्यांना जातीबाहेर काढायचा घाट घातला. आत्मारामजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ७ ऑगस्ट १९०१ ला मुंबईत वीरचंदभाई गेले. सदतिसावं वर्ष पूर्ण व्हायला अठरा दिवस बाकी होते.

हे वाचून मी बराच वेळ थांबले. ज्याने स्वतःचं व्रत कडक पाळलं तो साधू उदार होता. ज्यांनी स्वतः काही सोडलं नव्हतं, ते दुसऱ्याची हद्द मोजत होते.

कालवा आपल्या घरात कसा आला

आता कोणी म्हणेल, हे सगळं मुंबई-शिकागोचं झालं, आपला काय संबंध? तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. पण मराठवाड्या-वऱ्हाडचा कापूस मुंबईला जायचा आणि तिथून याच कालव्याने युरोपला. आपल्या समाजाची कितीतरी घराणी मारवाडातून इकडे आली ती कापूस, धान्य आणि सावकारीच्या निमित्ताने. १८९२ मध्ये 'म्युरेक्स' नावाचं जहाज चार हजार टन रॉकेल पोटात भरून सुएझमधून पूर्वेकडे आलं. अशी तेलवाहू जहाजं त्याआधी कालव्यात घेत नसत. पुढे घरोघर रॉकेलचे कंदील आले, रात्र लांबली आणि सूर्यास्तानंतर जेवायची सवयही सोपी झाली. कालवा घरात येतो तो असा. आपण रेघ ओढून बसलो तरी पलीकडचा बाजार रेघेच्या आत येतो.

आणि त्याची किंमत? सुएझ खोदायला पहिली काही वर्षं इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीला धरून आणलं होतं. हजारो माणसं फावड्या-टोपल्यांनी वाळू उपसत. १८६५ मध्ये तिथे पटकीची साथ आली. शिवाय दोन समुद्र जोडल्यावर एकातले जीव दुसऱ्यात गेले. तांबड्या समुद्रातल्या शेकडो जाती भूमध्य समुद्रात शिरल्या आणि तिथल्या मूळच्या जिवांची जागा घेऊ लागल्या. माणसाने ओलांडलेल्या हद्दीमागून इतकी उलथापालथ होते.

लेकीच्या पत्रकातला पनामा कालवा तर वेगळाच. तोही आधी लेसेप्सच्याच कंपनीने खोदायला घेतला आणि १८८९ मध्ये तिचं दिवाळं निघालं. मग अमेरिकेने पुरा केला. १५ ऑगस्ट १९१४ ला पहिलं जहाज रीतसर पार गेलं. लांबी ८२ किलोमीटर. अमेरिकन काळातच ५,६०० हून जास्त मजूर रोगांनी आणि अपघातांनी गेले, त्यातले पुष्कळसे कॅरिबियन बेटांवरून पोटासाठी आलेले. मध्ये डोंगर आहे, म्हणून जहाजाला पाण्याच्या पायऱ्यांनी २६ मीटर वर चढवतात आणि दुसऱ्या बाजूला उतरवतात. दारं लावायची, पाणी भरायचं, जहाज वर. हे पाणी समुद्राचं नसतं. पावसाने भरणाऱ्या गातून तलावाचं गोडं पाणी असतं आणि प्रत्येक खेपेनंतर ते समुद्रात सोडलं जातं. जुन्या दारांतून एक जहाज पार व्हायला सुमारे २० कोटी लिटर!

हा आकडा मी तीनदा वाचला. २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, आठवतं? पन्नास वाघिणींच्या एका गाडीत २५ लाख लिटर. तशा ऐंशी गाड्या म्हणजे एका जहाजाची एक खेप. २०२३ मध्ये पनामातही पाऊस कमी झाला, तलाव उतरला आणि जहाजांची संख्या कमी करावी लागली. आपण गरणं लावून पाणी गाळतो, वापरलेलं पाणीही जपून टाकतो, कारण त्यात अप्काय जीव आहेत असं मानतो. दिशापरिमाण कशासाठी, हे मला त्या आकड्याने नव्याने शिकवलं.

आता माझी गोष्ट

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाईंना छान कारण मिळालं. लेकीला सांगून टाकावं, पाणी वाया जातं, येणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. उत्तर लिहायलाही घेतलं. पण ते खरं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी लेक लग्न करून अमेरिकेला गेली. मुलगा चांगला, घर चांगलं, पण ती इतक्या लांब जाणार हे माझ्या मनाला पटलं नव्हतं. मी तिच्याशी नीट बोलतही नव्हते. ती गेली आणि दोन महिन्यांनी चातुर्मासात स्थानकात बारा व्रतांवर प्रवचनं झाली. सहाव्या व्रताच्या दिवशी मी सभेत उभी राहिले आणि देशाबाहेर न जाण्याचं जावज्जीव पच्चक्खाण घेतलं. सगळ्यांनी अनुमोदना केली. रात्री लेकीचा फोन आला. ती म्हणाली, "मम्मी, म्हणजे तू माझ्या घरी कधीच येणार नाहीस?" मी म्हणाले, "व्रत आहे."

तिची दोन बाळंतपणं तिकडे झाली. दोन्ही वेळेला तिच्या सासूबाई गेल्या. मी डिंकाचे लाडू पाठवले.

सासूबाईंनी रेघ ओढली होती ती पलीकडच्या जिवांना अभय म्हणून. मी ओढली ती लेकीला दुखवायला. शब्द तेच, पच्चक्खाण तेच, आत मान आणि क्रोध. आत्मारामजींनी पाय थांबवले, पण निरोप पाठवला, माणूस पाठवला, त्याच्या पाठीशी राहिले. मी पायही थांबवले आणि मनही.

आमच्याकडे या वर्षी महासतीजींचा चातुर्मास आहे. एकटी जाऊन सगळं सांगितलं आणि विचारलं, व्रत पाळू की काय करू? त्या म्हणाल्या, "व्रताचं नंतर बघू. ज्या भावाने घेतलं, त्याची आधी आलोचना करा. आणि जिला दुखवलं, तिला खमवा." आलोचना केली. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी काही एकासणी दिली, ती चालू आहेत. पच्चक्खाण मी मोडणार नाही. घेतलं वाईट मनाने, निदान पाळीन चांगल्या मनाने. समुद्रसफर होणार नाही.

त्या रात्री तिला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मुलांच्या डब्याची घाई चालली होती. मी म्हणाले, "दोन मिनिटं बस. ते व्रत मी तुझ्यावर रागावून घेतलं होतं." ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाली, "मला माहीत होतं, मम्मी." आणि थोड्या वेळाने, "तुझी हद्द मुंबईपर्यंत आहे ना? मग सुट्टी मी तिकडेच काढते. मुलांना तुझ्याबरोबर समुद्र दाखवू."

डिसेंबरात येतायत. आष्टीहून गाडीने नगर आणि पुढे मुंबई असा बेत आहे. चौपाटीवर सासूबाई जिथे उभ्या होत्या तिथे नातवंडांना घेऊन उभी राहणार आहे, आणि त्यांना सांगणार आहे की याच पाण्यावरून वीरचंदभाई गेले होते.

सख्यांनो, पच्चक्खाण घ्या, जरूर घ्या. पण घेण्याआधी एकदा मनाला विचारा, हे कोणासाठी आणि कोणाविरुद्ध? आणि घेऊन झालेलं असेल, त्यात राग मिसळला असेल, तर संवत्सरीपर्यंत थांबू नका. मी नऊ संवत्सरी घालवल्या. दर वर्षी तिला "मिच्छामि दुक्कडम्" लिहून पाठवलं आणि एकदाही कशाबद्दल ते सांगितलं नाही.

लिहिण्यात जिनवाणीच्या विरुद्ध काही गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!